डेटाबेस ड्रायव्हरची आवृत्ती बदलताना: जे लिहिलेले नाही ते आधी लिहून काढा

डेटाबेस ड्रायव्हर म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी. त्याची नवी आवृत्ती बसवताना अडचण सहसा नव्या सुविधांमुळे येत नाही. काढून टाकलेल्या सुविधांचा त्रासही मर्यादित असतो, कारण नसलेली गोष्ट वापरली की प्रोग्रॅम लगेच आणि मोठ्याने तक्रार करतो. खरी अडचण डिफॉल्टमुळे येते. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (सर्व्हरचा पत्ता आणि जोडणीचे पर्याय लिहिलेल्या ओळीत) आपण जे कधी लिहिलेच नाही ते ड्रायव्हर आपल्या वतीने गृहीत धरत असतो, आणि हे गृहीतक नव्या आवृत्तीत बदलले की आपल्या कोडची एकही ओळ न बदलता त्याचे वागणे बदलते. म्हणून पुढील सर्व पायऱ्या एका नियमावर बेतलेल्या आहेत: आज जे अध्याहृत आहे ते आधी जुन्याच ड्रायव्हरवर स्पष्ट लिहायचे, तेवढ्या बदलाची चाचणी घ्यायची आणि मगच आवृत्तीचा आकडा बदलायचा. उदाहरणे एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल यांच्या ड्रायव्हरची घेतली आहेत.

पायरी १: आज नेमका कोणता ड्रायव्हर चालू आहे ते शोधा

बिल्ड फाइलमध्ये लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष मेमरीत लोड झालेला ड्रायव्हर एकच असेल असे धरून चालू नये. जावामध्ये कनेक्शनच्या मेटाडेटाला ड्रायव्हरची आवृत्ती विचारता येते, आणि प्रोग्रॅम सुरू होताना ती लॉगमध्ये उमटवण्याची सवय लावली तर पुढचे अनेक तास वाचतात. पायथनमध्ये पोस्टग्रेएसक्यूएलचा सायकोपीजी हा ड्रायव्हर वापरत असाल तर दोन आकडे वेगवेगळे तपासावे लागतात: एक त्या पॅकेजचा आणि दुसरा त्याच्याखाली काम करणाऱ्या लिबपीक्यू या सी लायब्ररीचा. लिनक्सवर ओडीबीसी या डेटाबेस जोडणीच्या मानकासाठी 'ओडीबीसीइन्स्ट -क्यू -डी' ही आज्ञा नोंदवलेल्या ड्रायव्हरांची यादी देते, आणि 'ओडीबीसीइन्स्ट -जे' ही आज्ञा ती यादी कोणत्या फाइलमधून वाचली जात आहे ते सांगते.

विंडोजवर एक जुनी गंमत अजून टिकून आहे. ओडीबीसी डेटा सोर्स व्यवस्थापकाच्या फाइलचे नाव दोन्ही ठिकाणी 'ओडीबीसीएडी३२' असेच आहे, पण 'सिस्टिम३२' या फोल्डरमधला व्यवस्थापक ६४ बिटचा असतो आणि 'सिसवाऊ६४' मधला ३२ बिटचा. डीएसएन (नाव देऊन साठवलेली जोडणीची माहिती) एका ठिकाणी तयार केला आणि प्रोग्रॅम दुसऱ्या बिटांचा निघाला, तर ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम यांची रचना जुळत नसल्याची आयएम०१४ ही त्रुटी येते. ड्रायव्हर नवा बसवूनही 'सापडत नाही' अशी तक्रार आली, तर सर्वांत आधी इथे पाहावे.

त्यानंतर हाच प्रश्न सर्व्हरला विचारावा, कारण कोणकोण जोडलेले आहे हे सर्व्हरइतके खात्रीने कुणालाच माहीत नसते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'सिस.डीएम_एक्झेक_कनेक्शन्स' या व्ह्यूमधला 'एन्क्रिप्ट_ऑप्शन' हा स्तंभ प्रत्येक कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे की नाही ते दाखवतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हेच काम 'पीजी_स्टॅट_एसएसएल' करतो. मायएसक्यूएलच्या परफॉर्मन्स स्कीमामध्ये 'सेशन_कनेक्ट_अ‍ॅटर्स' या तक्त्यात क्लायंट लायब्ररीचे नाव आणि आवृत्ती दोन्ही मिळतात. ही माहिती एकदाच न घेता दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी आणि महिनाअखेरीसही घ्यावी. रात्री दोन वाजता चालणारा आणि सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला एखादा अहवाल अशाच वेळी उघडा पडतो.

पायरी २: मधल्या सर्व आवृत्त्यांच्या नोंदी वाचा

फक्त शेवटच्या आवृत्तीची नोंद वाचणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. तुम्ही चार आवृत्त्या ओलांडून उडी मारत असाल तर चारही नोंदी वाचाव्या लागतात, आणि वाचताना 'डिफॉल्ट', 'किमान आवश्यक आवृत्ती', 'लवकरच काढले जाईल' आणि 'नाव बदलले' या चार प्रकारच्या वाक्यांवर खूण करावी. बाकीचे नंतर वाचले तरी चालते.

आवृत्तीच्या आकड्यावरून अंदाज बांधू नये, कारण आकड्यांनाही इतिहास असतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या जेडीबीसी (म्हणजे जावासाठीच्या) ड्रायव्हरचा आकडा २०१७ मध्ये ९.४ च्या मालिकेतून थेट ४२.०.० वर गेला. यामागे कोणतीही उलथापालथ नव्हती. ९.४ हा आकडा पाहून लोकांना तो ड्रायव्हर फक्त सर्व्हरच्या ९.४ आवृत्तीसाठी आहे असे वाटत होते, आणि तो गैरसमज तोडायचा होता.

नाव बदलण्याचा प्रकार मात्र जास्त धोक्याचा असतो. मायएसक्यूएल कनेक्टर/जे या जावा ड्रायव्हरचे मेव्हन या बिल्ड साधनातले नाव ८.०.३१ पासून बदलले: ग्रुप 'मायएसक्यूएल' होता तो 'कॉम.मायएसक्यूएल' झाला आणि आर्टिफॅक्टचे 'मायएसक्यूएल-कनेक्टर-जावा' हे नाव 'मायएसक्यूएल-कनेक्टर-जे' असे झाले. बिल्ड साधनाच्या दृष्टीने ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत. त्यामुळे तुम्ही नवे नाव लिहिले आणि दुसरी एखादी लायब्ररी जुने नाव ओढून आणत असेल, तर दोन्ही जार फाइली (जावा लायब्ररीच्या फाइली) शेजारी शेजारी बसतात, बिल्ड साधन कोणताही संघर्ष नोंदवत नाही, आणि त्यांतली कोणती लोड होईल हे क्लासपाथच्या, म्हणजे जावा ज्या यादीतून फाइली शोधते तिच्या, क्रमावर ठरते. म्हणून अवलंबनांचे संपूर्ण झाड छापून त्यात जुने नाव शोधावे आणि सापडल्यास ते स्पष्टपणे वगळावे.

पायरी ३: एन्क्रिप्शनचा निर्णय जुन्या ड्रायव्हरवरच घ्या

डिफॉल्ट बदलल्यामुळे सर्वाधिक गोंधळ उडाला तो इथे, म्हणून या पायरीवर जरा थांबू. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरसाठीच्या ओडीबीसी ड्रायव्हर १७ मध्ये 'एन्क्रिप्ट' या पर्यायाचे डिफॉल्ट 'नो' होते. २०२२ मध्ये आलेल्या ड्रायव्हर १८ मध्ये ते 'येस' झाले. त्याच सुमारास जेडीबीसी ड्रायव्हर १०.२ ने आणि डॉटनेटच्या 'मायक्रोसॉफ्ट.डेटा.एसक्यूएलक्लायंट' ४.० नेही हाच मार्ग धरला.

होते असे. सर्व्हरवर त्याची ओळख पटवणारे प्रमाणपत्र कोणीही बसवलेले नसते, म्हणून सर्व्हर सुरू होताना स्वतःच एक स्वस्वाक्षरित प्रमाणपत्र तयार करतो. ड्रायव्हर १७ त्या प्रमाणपत्राचा उपयोग फक्त लॉगिनचे पॅकेट झाकण्यापुरता करत असे आणि ते कोणी दिले हे तपासत नसे. ड्रायव्हर १८ सगळा संवाद एन्क्रिप्ट करू पाहतो, त्यासाठी प्रमाणपत्राची साखळी तपासतो, त्याला विश्वासार्ह मूळ सापडत नाही आणि तो 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' असे सांगून कनेक्शन नाकारतो. सर्व्हर तोच, पासवर्ड तोच, नेटवर्क तेच, त्यामुळे संशय भलतीकडेच जातो.

शोध घेतल्यावर पहिला उपाय मिळतो तो 'ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=येस' लिहिण्याचा. त्याने कनेक्शन चालू होते, पण समोर खरोखर आपलाच सर्व्हर आहे की मध्ये कोणी बसले आहे ही तपासणी बंद होते. विकासकाच्या स्वतःच्या यंत्रावर हे चालेल. प्रॉडक्शनमध्ये हा पर्याय तात्पुरता म्हणून शिरतो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो, म्हणून तो तिथे लिहूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

योग्य क्रम असा आहे. सर्व्हरवर संस्थेच्या प्रमाणपत्र प्राधिकरणाने दिलेले प्रमाणपत्र बसवावे आणि त्या प्राधिकरणाचे मूळ प्रमाणपत्र क्लायंटच्या विश्वासार्ह यादीत टाकावे. मग कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता कसा लिहिला आहे ते पाहावे, कारण प्रमाणपत्रावर पूर्ण डोमेन नाव असेल आणि स्ट्रिंगमध्ये आयपी पत्ता किंवा नुसते लहान नाव असेल तर साखळी बरोबर असूनही नाव जुळत नाही. शक्य असेल तर स्ट्रिंगमधलेच नाव बदलावे. ते शक्य नसेल तर 'होस्टनेमइनसर्टिफिकेट' हा पर्याय आहे, पण ओडीबीसीमध्ये तो ड्रायव्हर १८ पासूनच मिळतो. हे झाल्यावर ड्रायव्हर १७ वरच 'एन्क्रिप्ट=येस;ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=नो' असे लिहून कनेक्शन चालवून पाहावे आणि वर सांगितलेल्या 'एन्क्रिप्ट_ऑप्शन' स्तंभात 'ट्रू' दिसते का ते तपासावे. तसे दिसले की या मुद्द्यापुरता १७ आणि १८ यांच्यात फरक उरत नाही.

आता फक्त स्ट्रिंगमधले ड्रायव्हरचे नाव बदलायचे राहते, आणि तेही विसरण्याजोगे नाही, कारण आवृत्तीचा आकडा त्या नावातच असतो. यंत्रावर फक्त १८ असताना स्ट्रिंगमध्ये १७ राहिले तर ड्रायव्हर सापडला नाही अशी तक्रार येते. १७ आणि १८ एकाच यंत्रावर शेजारी शेजारी सुखाने राहतात, त्यामुळे एकेक प्रोग्रॅम सवडीने हलवता येतो. ड्रायव्हर १८ मध्ये 'स्ट्रिक्ट' हे मूल्यही आले आहे. ते टीडीएस (एसक्यूएल सर्व्हरशी बोलण्याचा प्रोटोकॉल) च्या ८.० आवृत्तीसाठी आहे आणि त्यासाठी एसक्यूएल सर्व्हर २०२२ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. 'स्ट्रिक्ट' लिहिल्यावर 'ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट' कडे ड्रायव्हर लक्षच देत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पायरी ४: लॉगिनची पद्धत तपासा, आणि आधी ड्रायव्हर, मग पासवर्ड हा क्रम पाळा

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एससीआरएएम-एसएचए-२५६ ही पासवर्ड साठवण्याची आणि तपासण्याची पद्धत आवृत्ती १० पासून आहे आणि आवृत्ती १४ पासून नवे पासवर्ड डिफॉल्टने तिच्यातच साठवले जातात. जेडीबीसी ड्रायव्हरला ती ४२.२.० पासून समजते. त्याहून जुना ड्रायव्हर असेल तर 'ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड' असा संदेश येतो, आणि त्याचा पासवर्डच्या चूक-बरोबरशी काहीही संबंध नसतो. इथे एक बारकावा आहे: सर्व्हरची आवृत्ती वाढवली म्हणून आधीपासून साठवलेले पासवर्ड आपोआप बदलत नाहीत. ते पुन्हा सेट केले तरच नव्या पद्धतीत जातात. त्यामुळे सर्व्हर बदलूनही महिनोन्‌महिने सगळे सुरळीत चालते आणि कोणीतरी नेहमीप्रमाणे पासवर्ड बदलतो त्या दिवशी जुना ड्रायव्हर बंद पडतो. 'पीजी_ऑथआयडी' तक्त्यात साठवलेल्या मूल्याची सुरुवात 'एमडी५' ने होते की 'एससीआरएएम-एसएचए-२५६' ने, ते पाहिले की कोणती खाती अजून जुन्या पद्धतीत आहेत ते कळते.

मायएसक्यूएल ८.० मध्ये नव्या खात्यांसाठी 'कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड' ही पद्धत डिफॉल्ट झाली. ८.४ मध्ये जुनी 'मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड' डिफॉल्टने बंद ठेवली गेली आणि ९.० मध्ये ती सर्व्हरमधून काढूनच टाकली. नव्या पद्धतीत 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड' ही त्रुटी कधी येते, कधी येत नाही, आणि त्यामुळे लोक चक्रावतात. कारण पद्धतीच्या नावातच आहे. एकदा पूर्ण तपासणी झाली की सर्व्हर त्या खात्याची नोंद मेमरीत ठेवतो आणि पुढची लॉगिन छोट्या मार्गाने होतात. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ही नोंद पुसली जाते, आणि एन्क्रिप्शन नसलेल्या कनेक्शनवर पूर्ण तपासणीसाठी सर्व्हरची सार्वजनिक किल्ली लागते. म्हणजे दुपारी चालणारा प्रोग्रॅम रात्रीच्या रीस्टार्टनंतर अडतो. 'अलाउपब्लिककीरिट्रीव्हल=ट्रू' लिहिल्याने तो चालतो, पण मध्ये बसलेला कोणी स्वतःची किल्ली पुढे करून पासवर्ड मिळवू शकतो. टीएलएस, म्हणजे कनेक्शनचे एन्क्रिप्शन, चालू असेल तर किल्ली मागवण्याची गरजच पडत नाही, म्हणून उपाय पुन्हा तिसऱ्या पायरीपाशीच येतो.

पायरी ५: तारीख आणि वेळ यांची जोडीने तुलना करा

इथल्या चुका त्रुटी म्हणून समोर येत नाहीत, चुकीचे आकडे म्हणून येतात, आणि म्हणूनच त्या उशिरा सापडतात. कनेक्टर/जे ५.१ वरून ८.० वर जाताना सर्व्हरच्या वेळक्षेत्राचे नाव महत्त्वाचे ठरू लागले. सर्व्हरने 'सीएसटी' असे सांगितले तर ते अमेरिकेच्या मध्य भागाचेही असू शकते आणि चीनचेही. जावाने पहिला अर्थ घेतला आणि सर्व्हर दुसऱ्या अर्थाचा असेल, तर वेळा तेरा-चौदा तासांनी सरकतात. यावर उपाय म्हणजे संक्षेपावर न विसंबता पूर्ण नाव किंवा यूटीसीपासूनचे अंतर स्पष्ट लिहावे. ८.०.२३ पासून त्यासाठी 'कनेक्शनटाइमझोन' हा पर्याय आहे.

त्याच ८.०.२३ मध्ये आणखी एक बदल झाला. 'डेटटाइम' प्रकारच्या स्तंभावर 'गेटऑब्जेक्ट' बोलावल्यास आधी 'टाइमस्टॅम्प' मिळत असे, आता 'लोकलडेटटाइम' मिळतो. बदल तर्काला धरून आहे, कारण त्या स्तंभात वेळक्षेत्र नसतेच. पण मिळालेल्या वस्तूला कोडमध्ये 'टाइमस्टॅम्प' मानलेले असेल तर ते कंपाइल होते आणि चालताना कोसळते. कोडमध्ये अशा जागा शोधून तिथे अपेक्षित प्रकार स्पष्ट मागावा, जे जुन्या ड्रायव्हरवरही चालते आणि नव्यावरही.

पायरी ६: पॅरामीटर कोण भरतो ते पाहा

सायकोपीजी २ पॅरामीटरची मूल्ये क्लायंटवरच मजकुरात मिसळून तयार क्वेरी पाठवत असे. २०२१ मध्ये आलेली सायकोपीजी ३ क्वेरी आणि मूल्ये वेगळी पाठवते आणि त्यांची सांगड सर्व्हरवर बसते. वाचायला एका ओळीचा वाटणारा हा बदल कोडमध्ये अनेक ठिकाणी जाणवतो.

एक नेहमीची क्वेरी घेऊ. शोधाच्या पानावर तारीख ऐच्छिक असते, म्हणून आपण 'जर पॅरामीटर नल असेल किंवा तारीख त्याहून मोठी असेल' अशी अट लिहितो. जुन्या पद्धतीत सर्व्हरला थेट 'नल इज नल' दिसत असे. आता त्याला '$१ इज नल' दिसते, $१ चा प्रकार काय हे त्याला ठरवता येत नाही आणि तो 'कुड नॉट डिटरमाइन डेटा टाइप ऑफ पॅरामीटर $१' असे म्हणून थांबतो. पॅरामीटरपुढे '::डेट' असा प्रकार जोडला की प्रश्न मिटतो. यादीतली मूल्ये शोधण्यासाठी टपल देऊन लिहिलेले 'इन' चालत नाही. तिथे यादी देऊन '= एनी' लिहावे लागते. हे दोन्ही बदल जुन्या सायकोपीजी २ वरही चालतात, म्हणून तेही आधीच करून ठेवता येतात. 'विथ' ब्लॉक संपल्यावर जुनी आवृत्ती फक्त व्यवहार पूर्ण करत असे, नवी कनेक्शनही बंद करते, त्यामुळे ब्लॉकच्या बाहेर तेच कनेक्शन पुन्हा वापरणारा कोड शोधून काढावा. दोन्ही पॅकेजेस एकाच ठिकाणी बसू शकतात, त्यामुळे स्थलांतर भागाभागाने करता येते.

मध्ये पीजीबाउन्सर (अनेक क्लायंटमध्ये थोडी सर्व्हर कनेक्शन्स वाटून देणारा प्रोग्रॅम) व्यवहारनिहाय पद्धतीने चालत असेल तर अजून एक गोष्ट पाहावी. सायकोपीजी ३ तीच क्वेरी पाचहून अधिक वेळा आली की ती सर्व्हरवर तयार करून ठेवते. पुढचा व्यवहार दुसऱ्याच सर्व्हर कनेक्शनवर गेला तर ती तिथे नसते. चार-पाच वेळा हाताने चाचणी घेतल्यास सगळे ठीक दिसते, भार वाढला की 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट डझ नॉट एक्झिस्ट' अशा तक्रारी सुरू होतात. पीजीबाउन्सर १.२१ पासून या पद्धतीतही तयार क्वेरींना आधार आहे, पण तो वापरण्याआधी दोन्ही बाजूंच्या नोंदी पाहाव्यात. खात्री नसेल तर 'प्रिपेअर_थ्रेशोल्ड' ला 'नन' देऊन ही सोय बंद ठेवावी.

पायरी ७: 'सिलेक्ट १' च्या पुढची चाचणी घ्या

कनेक्शन झाले म्हणजे चाचणी झाली असे मानू नये. नल, रिकामी अक्षरमाला, सर्वाधिक दशांश स्थळे असलेली रक्कम, चार बाइटचे अक्षर आणि मध्यरात्रीची वेळ असलेल्या काही ओळी एका लहान तक्त्यात ठेवाव्यात, त्या जुन्या आणि नव्या ड्रायव्हरने वाचून मजकुराच्या फाइलीत लिहाव्यात आणि दोन्ही फाइलींची तुलना करावी. अपयशाचीही चाचणी हवी: मुद्दाम चुकीचा पासवर्ड द्यावा, क्वेरी चालू असताना सर्व्हर बंद करावा, आणि आपला कोड त्रुटी ओळखण्यासाठी संदेशाचा मजकूर तपासतो का ते पाहावे. मजकूर आवृत्तीगणिक बदलू शकतो. एसक्यूएलस्टेटचा पाच अक्षरी संकेतांक त्यापेक्षा भरवशाचा असतो, आणि कनेक्शनशी संबंधित संकेतांक '०८' ने सुरू होतात.

पायरी ८: ड्रायव्हर आणि कनेक्शन स्ट्रिंग एकत्रच पुढे न्या, एकत्रच मागे आणा

हा धडा मी स्वतः किंमत मोजून शिकलो. कनेक्टर/जे ८.० बसवल्यावर दुसऱ्याच कारणाने अडचण आली, म्हणून मी घाईत फक्त जुनी जार परत ठेवली. पण 'झिरोडेटटाइमबिहेव्हियर' या पर्यायाचे 'कन्व्हर्टटूनल' हे जुने मूल्य ८.० ला चालत नाही, म्हणून स्ट्रिंगमध्ये ते आधीच मोठ्या लिपीतल्या, अधोरेषा असलेल्या नव्या रूपात बदललेले होते, आणि ते रूप जुन्या ड्रायव्हरला मान्य नव्हते. परत फिरण्याच्या घाईत दुसरा बिघाड झाला आणि पहिल्याचे कारण शोधायला आणखी वेळ गेला. तेव्हापासून ड्रायव्हरचा आकडा, ड्रायव्हर क्लासचे नाव आणि संपूर्ण स्ट्रिंग मी एकाच बदलात ठेवतो, म्हणजे मागे घेताना तिन्ही गोष्टी एकत्रच मागे जातात.

अनेक सर्व्हर असतील तर नवा ड्रायव्हर आधी एकाच ठिकाणी बसवावा आणि किमान एक पूर्ण कामकाजचक्र, म्हणजे रात्रीची कामे आणि महिनाअखेरीचे अहवाल धरून, त्याच्या लॉगकडे लक्ष ठेवावे. सुरुवातीला कनेक्शन पूलमधला (उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातला) प्रतीक्षाकाळ पाहावा, कारण टीएलएससाठी सुरुवातीची देवाणघेवाण वाढल्यामुळे नवे कनेक्शन उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि जो कोड पूल न वापरता प्रत्येक क्वेरीसाठी नवे कनेक्शन उघडतो तिथे हा वेळ लगेच जाणवतो.

सर्व प्रोग्रॅम हलवून झाल्यावर पहिल्या पायरीतल्या सर्व्हरबाजूच्या क्वेरी पुन्हा चालवाव्यात. जुन्या आवृत्तीचे किंवा एन्क्रिप्शन नसलेले एकही कनेक्शन पूर्ण चक्रात दिसले नाही, तर प्रत्येक यंत्रावरून जुना ड्रायव्हर काढून टाकावा आणि 'ओडीबीसीइन्स्ट -क्यू -डी' च्या यादीतून त्याचे नाव गेले आहे का ते पाहावे.